फाटकावरचा आकडा

३ मार्च, मंगळवार

सासूबाईंना ढकललं. बागेच्या कोपऱ्यावर, भरदिवसा! मोटरसायकलवर दोघे होते. मागच्याने पिशवी ओढली, या सोडेनात, म्हणून हिसडा दिला. उजवं मनगट मोडलं. पिशवीत काय, तर छत्री, वाचनालयाचं पुस्तक आणि चष्मा. तो चष्मा मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात सतरा फ्रेमा बघून त्यांच्यासाठी निवडला होता. मेल्यांना त्यातून काय दिसणार आहे?

प्लास्टर घालून आणलं. उद्या आधी पोलीस चौकी, मग बाकीचं.

४ मार्च

चौकीत जायला निघाले तर हे दारात आडवे. "जरा थांब, अध्यक्षांशी बोलू दे."

हे सोसायटीचे सचिव. कारखान्यात यांच्या खात्याबाहेर 'अपघाताविना इतके दिवस' अशी पाटी असते. ते खूळ यांनी घरी आणलं. आमच्या फाटकावर 'गुन्ह्याविना दिवस' अशी पाटी आहे. रोज सकाळी चहाच्या आधी खाली जाऊन हे आकडा बदलतात. सहाशेच्या पुढे गेलाय. म्हटलं आज तरी माणूस शून्य लावेल. खिडकीतून बघत उभी राहिले. यांनी आकडा एकने वाढवला!

वर आल्यावर म्हणाले, "बाग फाटकाच्या बाहेर येते ना."

तुमची आई तर फाटकाच्या आत राहते ना, म्हटलं. यावर पेपर उघडून बसले.

६ मार्च

अध्यक्ष आले. बँकेतून निवृत्त झाले पण आवाज अजून काउंटरमागचाच. "वहिनी, पिशवी परत मिळणार आहे का? नाही ना? मग एक नोंद झाली की आपल्या भागाचा गुन्ह्यांचा आकडा चढतो. कोण घर घ्यायला येईल इथे?" शिवाय २५ तारखेला पोलिसांतर्फे सुरक्षित वसाहतींचा सत्कार आहे, त्यात आपलं नाव पहिलं. म्हणजे चोर मोकळे आणि तोंड आम्ही शिवायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सासूबाई आतल्या खोलीत सगळं ऐकत होत्या. हात मोडलाय, कान शाबूत आहेत.

९ मार्च

यांना न विचारता चौकीत जाऊन आले. "ज्यांच्यावर बेतलं त्यांना आणा, त्यांच्या तोंडून ऐकायला हवं," म्हणाला पोलीस. रास्त आहे. उद्या घेऊन जाते. बघू कोण अडवतं.

१० मार्च

अडवलं. आणि तेही कोणी, तर तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीने.

या बिल्डिंगमध्ये माझं मन मोकळं करायला एवढी एकच जागा. नवरा गेल्यापासून एकटी आहे, घर विकून लेकीकडे जायचंय तिला. दीड वर्षात एक गिऱ्हाईक धड टिकलं नाही. रविवारी एक कुटुंब पुन्हा बघायला येतंय. "फक्त रविवारपर्यंत थांब गं. तुझ्या पाया पडते." मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर हिने आमचा स्वयंपाक केला. शब्द दिला.

खाली आले तर सासूबाई तयार होऊन खुर्चीत बसलेल्या. कोपऱ्यात ठेवलेली नवी चप्पलही घातली होती. म्हटलं, आई, रविवारनंतर जाऊ या. "बरं," म्हणाल्या आणि डाव्या हाताने चप्पल काढायला लागल्या. पट्टा निघेना. मीच काढून दिली.

१३ मार्च

फिरायला जायचं नाव नाही. ऊन असो, पाऊस असो, बागेतल्या बाकापर्यंत जाऊन येणारी बाई ही. आता खिडकीपाशी बसून असते. मी येते सोबत म्हटलं, तर म्हणाल्या, "कशाला? काही झालंच नाहीये ना इथे. मग ही धडधड माझ्या डोक्यातलीच असणार."

यावर कडी म्हणजे हे डॉक्टरांना सांगून आले, आई हल्ली उगाच धसका घेते. झोपेची गोळी मिळाली. उगाच! इतका राग आला की भांडी आपटून घासली. भांड्यांचं काय जातंय.

१५ मार्च, रविवार

ते कुटुंब आलं. नवरा-बायको आणि एक गोड पोरगी. मैत्रीण त्यांना शेजार दाखवायला आमच्याकडे घेऊन आली. त्या बाईने आत येताच विचारलं, "आजी, हाताला काय झालं?"

मैत्रिणीचा चेहरा पांढराफटक. सासूबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या आधी मी बोलले, "बाथरूममध्ये घसरल्या."

किती सहज आलं तोंडातून! मग ती म्हणाली, "इकडे सुरक्षित आहे ना हो? ही शाळेतून एकटी येणार." अगदी, म्हटलं. फाटकावरची पाटी बघितलीत ना, असंही म्हटलं. ज्या पाटीवरून आठवडाभर नवऱ्याशी भांडतेय तीच मी पुढे केली.

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणाल्या.

१६ मार्च

आकडा वाढला. सासूबाई जेवल्या, बोलल्या नाहीत.

१८ मार्च

घराचा व्यवहार ठरला. मैत्रीण गळ्यात पडून रडली. मीही रडले, पण ते दुसऱ्याच कारणासाठी.

यांना सांगितलं, झालं ना आता, उद्या आईंना घेऊन जाते. "अगं, इतके दिवस थांबलीस, सत्काराला आठवडा राहिलाय. तेवढा होऊ दे की." खूप बोलले मी. नाही नाही ते बोलले. शेवटी काय, तर २५ नंतर नक्की जायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच हो म्हटलं. दुकानात सुट्टी मिळत नाही हे खरंच आहे. पण एक तासाची मिळाली असती. हेही खरंच आहे.

२० मार्च

दुकानात चौकीतून फोन आला. सासूबाई तिथे आहेत. एकट्या चालत गेल्या, बागेवरून.

धावत पोचले. त्यांच्या पायात ती नवी चप्पल होती, पट्टा उघडाच. डाव्या हाताने सही करायची राहिली होती. पोलीस त्यांना तक्रार वाचून दाखवत होता, मोठ्याने, वयस्कर बाई म्हणून. "यायला उशीर का झाला, तर घरच्यांनी येऊ दिलं नाही. हात बाथरूममध्ये मोडला असं सून लोकांना सांगते. बरोबर लिहिलंय ना, आजी?"

"बरोबर," सासूबाई म्हणाल्या.

मग त्याचं दाराकडे लक्ष गेलं. "आपण कोण?"