काशीचा गडू

रविवार, मार्च २००६. नुंगंबाक्कम.

आज सदाशिवची शोकसभा झाली. जन्मभर देवाविरुद्ध पुस्तकं लिहिली, म्हणून ना हार, ना उदबत्ती. जो तो उठून एकच सांगत होता, शेवटपर्यंत वाकला नाही. मी मागच्या खुर्चीत मनात हसत होतो. वाकला नाही? मी वाकवलं त्याला.

मरणाआधी दोन दिवस त्याला भेटायला गेलो होतो. तेव्हाही म्हणाला, "या, देवाचे वकील! सहावी पास!" चाळीस वर्षं चारचौघांत हेच. पण आता त्याला हात उचलवत नव्हता. त्याने पाणी मागितलं. आईने काशीहून आणलेला गंगेचा गडू मी पिशवीतून नेला होता, तोंडावरचा कथलाचा डाक घरीच फोडला होता. चमच्यामागून चमचा, सगळं पाजलं. मग कानाशी सांगितलं, "गंगा होती ती. जा आता स्वर्गात, बघू कसा अडवतोस!" रिकामा गडू पिशवीत टाकला. मला फार बरं वाटलं. पाप का ते?

सभेनंतर हे त्याच्या मुलीला मुद्दाम सांगितलं. तिला रडवायचंच होतं.

ती म्हणाली, "ठाऊक आहे, काका. अप्पा हसत होते. म्हणाले, बिचाऱ्याने स्वतःच्या मरणासाठी जपलेलं पाणी माझ्यावर संपवलं. आता तो कशाच्या भरवशावर मरेल?"

घरी येऊन गडू उलटा करून पाहिला. थेंब नाही. हे असले गुडघे, मला काशीला कोण नेणार?

पुन्हा उलटा केला. एक चमचा पुरला असता त्याला.