उन्हाळा आणि पाऊस यांच्यामधले अकरा दिवस

३ मार्च
आजपासून ही वही. विषय एकच : आक्कांना आणणे.
आक्का म्हणजे हिची थोरली बहीण. इथून एकोणीसशे किलोमीटर दक्षिणेला, समुद्रकाठी एकट्या राहतात. डोळे अधू होत चाललेत, गुडघे कधीच गेले. रेल्वेचा जिना चढवत नाही, विमानाचं नाव काढलं की हातपाय गाळतात. तेव्हा आपल्या गाडीने जायचं आणि त्यांना कायमचं इकडे आणायचं, असं मी ठरवलं आहे. ही म्हणते, ठरवलं तिने, मी फक्त मान हलवली. असो.
चौतीस वर्षं मी शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात होतो. त्या वेळापत्रकांप्रमाणे एकही बस कधी धावली नाही, पण तो ड्रायव्हर लोकांचा दोष. कागदावर सगळं वेळेत होतं.

१० मार्च
भिंतीवर तक्ता लावला. मधलं पठार तापतं ते दिवस लाल, किनाऱ्यावर पाऊस असतो ते निळे. किनाऱ्यावर पाऊस वर्षातून दोनदा येतो, हे किती जणांना माहीत असतं? तासभर रंगवल्यावर उत्तर मिळालं. वळवाच्या सरींनी पठार निवतं आणि खरा पाऊस अजून किनाऱ्याला लागलेला नसतो, असे अकराच दिवस आहेत. २६ मे ते ५ जून.
हिला दाखवलं. म्हणाली, जानेवारीत हवा छान होती, तेव्हा का नाही गेलो? मी म्हणालो, हवा छान असते तेव्हा सगळं जग रस्त्यावर असतं. ती बघत राहिली. या बघण्यात काहीतरी होतं.

२२ मार्च
रेडिओ म्हणतो पाऊस वेळेवर. पेपर म्हणतो उशिरा. मोबाईल म्हणतो आज दुपारी, इथेच. बाहेर लख्ख ऊन. तिघं एकमेकांशी बोलत नाहीत की मुद्दाम असं करतात?
वरच्या मजल्यावर एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहतो. जिन्यात गाठून रोज विचारतो, काय साहेब, कधी निघताय? आज वर म्हणाला, आम्ही हवा बघून निघालो असतो तर पोरं उपाशी मेली असती. याचा माझ्या पार्किंगच्या जागेवर डोळा आहे. नक्की.

६ एप्रिल
गंभीर प्रकार. गाडीचा मीटर अकरा किलोमीटरने पुढे गेला आहे. मी गाडी महिनाभर हलवलेली नाही. (गाडीला विश्रांती हवी. पुढे लांबचा पल्ला आहे.) सीटही पुढे सरकवलेली. आरसा खाली झुकलेला. म्हणजे चोर बुटका आहे.
गॅरेजवाल्यावर संशय. सर्व्हिसिंगच्या वेळी किल्लीची नक्कल केली असणार. पण तो सहा फूट आहे. मुद्दाम वाकून बसत असेल.

९ एप्रिल
निश्चय : रोज पहाटे साडेपाचपासून खिडकीत पहारा.

१० एप्रिल
सव्वाआठला जाग आली. ही चालून परत आलेली होती. उठवलं का नाही विचारलं, तर म्हणाली, तुम्ही छान झोपला होतात.

१४ एप्रिल
टायरच्या कडेला खडूने खूण केली होती. आज ती खूण वर आहे. मीटर आणखी चौदा. गॅरेजवाल्याला फोन करून आडून आडून विचारलं, तुम्ही सकाळी कुठे असता? तो म्हणाला, घरी, का हो? आवाज फारच सहज होता.

२ मे
आता लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.
ही रोज सहाला चालायला जाते. तासाने येते. कपाळावर घामाचा थेंब नाही. आणि त्याच वेळी वरचा ट्रकवालाही घरी नसतो! आज दोघं जिन्यात बोलत होती. मला पाहून गप्प. पण एक शब्द ऐकू आला. क्लच. हा काय सांकेतिक शब्द आहे? तिचं वय सत्तावन्न, त्याचं सत्तर. या वयात? छे. पण त्याने मिशा काळ्या केल्या आहेत.
जेवताना सहज विचारलं, वरचे गृहस्थ कसे वाटतात? म्हणाली, फार धीराने समजावून सांगतात. मी ताट सरकवलं.

२६ मे
शुभारंभ! अकरा दिवसांतला पहिला. पहाटे साडेचारला तयार. थर्मास, नकाशे, औषधं, दोन छत्र्या. इंजिन सुरू केलं. दक्षिणेला एक ढग दिसला. छोटा, पण आकार चांगला नव्हता. प्रयाण रद्द.
हात घामाने निसटत होते. उकाडा.
ही थर्मास आत घेऊन गेली.

३० मे
चाचणी म्हणून एकटाच हायवेच्या तोंडापर्यंत गेलो. मागून ट्रकने असा हॉर्न दिला की मी डावीकडे घेऊन थांबलो, ते वीस मिनिटं थांबलोच. मग गल्लीबोळातून घरी. ट्रकवाल्यांना माझा गाडीनंबर कोणी कळवला, हे काही वेगळं सांगायला नको.

४ जून
किनाऱ्यावर पाऊस दोन दिवस आधीच लागला! रेडिओ, पेपर, मोबाईल, आज तिघांचं एकमत. अकरा दिवस संपले. ऐकून मनावरचं ओझं उतरलं. म्हणजे वाईट वाटलं.
लगेच नवा तक्ता केला. लाल, निळं आणि धुक्यासाठी राखाडी. वर्षात एकच चौकोन पांढरा उरला. २९ फेब्रुवारी. पुढच्या वर्षी तो नाही.
संध्याकाळी आक्कांचा फोन. दिसलं नाही म्हणून उकळतं पाणी पायावर सांडलं. शेजारणीने मलम लावलं. आक्का हसून सांगत होत्या. हिने फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत उभी राहिली. मी नवे रंग समजावून सांगायला गेलो. म्हणाली, नको.

५ जून
जेवणाच्या टेबलावर हिने माझ्यासमोर एक कार्ड ठेवलं. ड्रायव्हिंग लायसन्स. फोटो हिचा. शिकाऊ परवाना म्हणे डिसेंबरातच काढला होता. शिकवणारा वरचा. गॅरेजवाल्यालाही ठाऊक, म्हणूनच त्याचा आवाज तसा होता.
म्हणाली, मी उद्या पाचला निघते. यायचं तर या, नाहीतर डबा करून ठेवते.
मी म्हणालो, उद्या पठारावर त्रेचाळीस डिग्री आहे आणि पुढे मुसळधार. म्हणाली, असू दे.
सहा महिने सगळी इमारत मला बनवत होती. रागारागाने मी बॅग भरली.

७ जून
पठार. हिची पद्धत अगदीच अडाणी. पहाटे पाच ते अकरा चालवते. मग ढाबा, झाड, जे मिळेल तिथे साडेचारपर्यंत पडून राहते. मग अंधार पडेपर्यंत पुन्हा. विचारलं, हे कुठल्या तक्त्यात बसतं? म्हणाली, ऊन लागलं की सावलीत जायचं.

९ जून
पाऊस. समोरचं काही दिसेना. मला वाटलं, संपलं. हिने पेट्रोल पंपावर गाडी घेतली, चहा मागवला. चाळीस मिनिटांनी सर ओसरली, निघालो. पंपावरच्या माणसाने मला विचारलं, साहेबांना चालवता येत नाही का? प्रश्न सरळ नव्हता. मी म्हणालो, चष्मा घरी राहिला. तो नाकावर होता.

११ जून
पोहोचलो. आक्का दारातच उभ्या होत्या. हिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग माझ्या. म्हणाल्या, दाढी करायचं राहिलं वाटतं. गाडी कोणी चालवली ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, आलटून पालटून.
असं का म्हणाली? यात काय डाव आहे? दुपारभर शोधला. सापडला नाही.

१४ जून
परतीचा दुसरा दिवस. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, वारा गार, रस्ता सरळ आणि रिकामा. लाल नाही, निळं नाही, काही नाही. हिने गाडी कडेला घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, घ्या, तासभर चालवा, माझे खांदे भरून आलेत.
बसलो. आरसा लावला. सीट मागे घेतली. पट्टा लावला. मग बसूनच राहिलो. पाय क्लचवर नाचत होता, थांबेना. हवेला नाव ठेवायला काही जागाच नव्हती.
म्हणालो, पोटात कळ आली. ही म्हणाली, बरं. आणि उठून इकडच्या बाजूला आली. एवढंच. जानेवारीतही तिला ठाऊक असणार. बहुतेक लग्नापासूनच.
मागे जाऊन बसलो. आक्कांनी सरकून जागा दिली, चाचपडत माझा हात धरला. म्हणाल्या, मलाही फार भीती वाटते हो, ट्रक गेला की मी डोळे मिटून घेते.
मग मीही मिटले.