पहिला घाणा मोजायचा नाही

११ फेब्रुवारी, सोमवार
मधुमेहाच्या नर्सकडे, मालीनकडे जाऊन आलो. साखर वाढलेली. डाव्या पायाला तिने नायलॉनची काडी टोचली, मला कळलंच नाही. म्हणाली, पाय सांभाळा, ऑर्गन पायांनीही वाजवावा लागतो ना? चर्चमध्ये एकतीस वर्षं वाजवतोय, मला शिकवते! उद्यापासून नाश्त्याला पॅनकेक बंद.

१२ फेब्रुवारी
विचार केला. अंडं म्हणजे प्रोटीन. दूध म्हणजे कॅल्शियम. लिंगोनबेरीचा जॅम म्हणजे फळ. डॉक्टर तरी वेगळं काय सांगतात? बंद करणं अशास्त्रीय. फक्त सातच खायचे. आमच्या तव्याला सात खळगे, म्हणजे एक घाणा.

१३ फेब्रुवारी
पहिला घाणा बिघडतोच, तो मोजायचा नसतो, हे अख्ख्या स्वीडनला माहीत आहे. खाल्ला मात्र. अन्न टाकवत नाही. बायको, गुनवोर, म्हणाली, स्तेलान, चौदा झाले. म्हटलं, सात.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारच्या रिवाजाचं वाटाण्याचं सूप, मागोमाग पॅनकेक. हे जेवणात मोडतात, नाश्त्यात नाही. नियम शाबूत.

३ मार्च, रविवार
पेडलचे दोन सूर चुकले, दोन्ही डाव्या पायाचे. पाद्रीबाईंना सांगितलं, थंडीने लाकूड आखडलंय. त्या माझ्या बुटाकडे बघत राहिल्या. त्यांना ऑर्गनमधलं काय कळतं!

९ मार्च
मोज्याला रक्त. बुटात खडा होता, कधीपासून देव जाणे. दुखत नाही, म्हणजे किरकोळ. गुनवोर ओरडली, अरे मूर्खा, दुखत नाही हेच तर वाईट! सोमवारी दाखवतो.

१२ मार्च
सोमवारी ईस्टरची तालीम निघाली. पुढच्या सोमवारी नक्की. अशक्तपणा वाटतो, म्हणून पिठात ओट्स घातले. पौष्टिक. तीन घाणे, त्यातला पहिला सोडून द्या.

१७ मार्च
ताप. अंगठा काळा पडलाय. गुनवोरने तवा शेजारी देऊन टाकला. अँब्युलन्स तिनेच बोलावली, मला न विचारता.

२८ मार्च, हॉस्पिटल
नाश्त्याला ओट्सची पेज, बिनसाखरेची. मालीन मुद्दाम भेटायला आली. म्हणाली, साखर नॉर्मल, दहा वर्षांत पहिल्यांदा. अभिनंदन म्हणता म्हणता थांबली. डावा पाय आता गुडघ्याखाली नाही. ईस्टरला वाजवायला दुसऱ्या गावाहून कुणीतरी येतंय. मला रडू आवरेना. गुनवोरला म्हटलं, चूक माझीच होती. ती म्हणाली, माहीत आहे रे, पेज संपव.
संपवली.