सातव्या पेटीतली माती

५ फेब्रुवारी
पोचले एकदाची कारंजा घाडगेला! पुलगावहून वर्धा, वर्ध्याहून इकडे, आणि दोन्ही गाड्यांत खिडकीची जागा, म्हणून मी जाम खूश. निघताना आई म्हणाली, अंजू, हे कितवं काम? पार्लर झालं, मेडिकल झालं, लग्नातलं डेकोरेशन झालं, बी.ए. तर दुसऱ्या वर्षालाच सुटलं. मी म्हटलं, आता दगड. दगड कुठे पळून जात नाहीत, मीही नाही जाणार.

डॉ. माधवी मॅडम भूगर्भशास्त्रज्ञ. रिटायर झाल्या तरी काम सुटत नाही. हायवेपासून आत, संत्र्याच्या बागांपलीकडे, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलंय. आत नुसत्या लाकडी पेट्या, आणि पेट्यांत बोअरमधून काढलेल्या दगडाच्या गोल लांब कांड्या. वरचा थर पहिल्या पेटीत, खालचे पुढच्या पेट्यांत. मी नंबर टाकायचे, धुवायचं, फोडायचं, चाळायचं. राहायला मागची खोली. जेवण शेजारच्या सुलोचनाबाईंकडून, डबा आणते त्यांची सून स्वीटी. सातवा महिना लागलाय तरी पदर खोचून बकऱ्यांमागे धावते. पहिल्याच दिवशी विचारती झाली, ताई, तुमचं लग्न काऊन नाई झालं, दगडाशी करता का? मला ही आवडली.

९ फेब्रुवारी
आज मॅडमनी नीट समजावलं. इथला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एकावर एक तवे ठेवावेत तसे थर. तेव्हा आपली ही जमीन इथे नव्हतीच म्हणे. पार खाली, समुद्रात होती, सरकत सरकत वर आली. ऐकून बरं वाटलं. म्हणजे मी एकटीच भटकी नाही. त्या आनंदात ढाब्यावर शेवभाजी खायला गेले, एका ट्रकवाल्याशी गुजरातच्या गप्पा मारत बसले, दोन तास गेले. मॅडम रागावल्या.

सातव्या पेटीत दोन काळ्या थरांच्या मध्ये हातभर लाल माती आहे. एक लाव्हा थंडावला, त्यावर माती झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला नि ती भाजून निघाली. मॅडमची तीस वर्षं ह्या लाल थरात गेलीत. खालच्या दगडाचं वय निघतं, वरच्याचं निघतं, मधलं काही केल्या जुळत नाही. नमुना बाहेरच्या लॅबला पाठवलाय.

१२ फेब्रुवारी
शी! मॅडमनी आज माती खायला लावली. खरंच. माती दातांनी ओळखायची असते म्हणे. पुढच्या दातांत चिमूटभर धरायची. करकरली तर गाळ, लोण्यासारखी गेली तर चिकणमाती. जुने लोक असंच करतात. त्यांचे स्वतःचे पुढचे दात झिजून अर्धे झालेत, हिरड्या विटकरी. हसल्या की मी दुसरीकडे बघते.

पाच नमुने चावले. चार करकरले. सातव्या पेटीतला नाही. गुळगुळीत, दमट. भाजलेली माती, एवढी कोटी वर्षं दगडात बंद, आणि दमट? चव म्हणजे हिरडीतला फोड फुटल्यावर येते तशी. थुंकले. तासभर तोंडातून लाल तार सुटत होती, बोटानं ओढून काढावी लागली.

१६ फेब्रुवारी
डबा ठेवून स्वीटी पेट्यांपाशीच रेंगाळली, नाक वर करून. म्हणाली, ताई, ह्या मातीचा वास नाकातून जाऊनच नाई राह्यला, मले थोडीशी देजो ना. मी का-कू केलं तर दारातून सुलोचनाबाई म्हणाल्या, द्या वो, पोटुशीचं मन मारू नये. मी तर चुलीची पोपडी खाल्ली नऊ महिने, निघाला ना आमचा रोशन धडधाकट? जरासा मठ्ठ हाय, पण तो बापावर गेला. तिघी पोट धरून हसलो. रोशन म्हणजे स्वीटीचा नवरा, ट्रक घेऊन सुरतेला गेलाय.

सातव्या पेटीतला बोटाएवढा तुकडा दिला. मॅडमना सांगितलं नाही. एवढ्याशा मातीनं काय होतं.

२१ फेब्रुवारी
जिभेवर लाल साय येते. सकाळी चमच्याच्या दांड्यानं खरवडते. ओली, चिवट, अख्खीच्या अख्खी निघते, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. दात घासून होईपर्यंत परत. वरण गिळताना घशाशी काहीतरी माझ्याबरोबर गिळतं. ओकले. ओकारीतही तेच, आणि पडल्या जागी ते आपलं आपण सपाट पसरलं.

मॅडमना दाखवलं. त्यांनी खरवड काचेच्या पट्टीवर घेतली, मायक्रोस्कोपखाली धरली आणि चेहरा उजळला. नऊ थर आहेत म्हणे. दिवसाला एक. शाबास म्हणाल्या. डॉक्टरकडे जा असं नाही म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी
स्वीटी रोज येते. मी नाही म्हटलं तर माझी पाठ वळताच पेटी नखांनी खरवडते. आज कुलूप लावलं. तर दगड धुतलेल्या बादलीतलं गढूळ पाणी ओंजळीनं प्याली. ओठांच्या कोपऱ्यांत लाल चिकटा. बोलताना दिसलं, हिरड्या दातांवर चढल्यात, अर्धे दात झाकलेत.

पोटावर हात फिरवत म्हणाली, ताई, हा चार दिवसांपासून खेळूनच नाई राह्यला.

२७ फेब्रुवारी
तिच्या पोटाला हात लावला. थंड. टणक. हळूच टिचकी मारली, पेटीतल्या कांडीवर मारतो तसा आवाज.

सुलोचनाबाईंना सगळं सांगितलं. मला मारायला उठल्या. मग खाली बसून स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. द्या म्हणून त्यांनीच म्हटलं होतं ना.

१ मार्च
गावातल्या डॉक्टरकडे सोनोग्राफी. पडद्यावर नुसत्या आडव्या पट्ट्या. डॉक्टरचा घाम निथळत होता. ठोके आहेत म्हणाला. पण फार खोलवरून येतात, एवढं खोल पोट नसतं. उद्याच वर्ध्याला न्या.

स्वीटी घरी येऊन झोपली. माझ्या जिभेवरची साय आता चमच्यानं निघत नाही.

२ मार्च
लॅबचा रिपोर्ट आला. लाल मातीचं वय शून्य. मॅडम हसत सुटल्या. तीस वर्षं मी चुकत नव्हतेच म्हणाल्या, तिचं माती होणं संपलंच नाही, अजून चालूच आहे.

मी स्वीटीचं सांगून टाकलं. पोरगी कशी आहे, विचारलं नाही. किती ग्रॅम दिलीस? कुठल्या तारखेला? आणि छोटा हातोडा घेऊन सुलोचनाबाईंच्या घराकडे निघाल्या. मी त्यांना दोन्ही हातांनी आत ढकललं. गोदामाला बाहेरून कडी घातली. आतून ओरडतात, फक्त नखाएवढा तुकडा पाहिजे —

३ मार्च, सकाळी दहा
वर्ध्याची गाडी काल मिळाली नाही. १०८ ला फोन केला, निघालेत. फोनवरची बाई म्हणाली, काय खाल्लं, कधी, लिहून ठेवा, डॉक्टरला लागेल. म्हणून लिहितेय. १६ ला बोटभर. नंतर रोज, किती ते माहीत नाही. दिली मी. मीच.

साडेअकरा
स्वीटी अंगणात बसली ती उठत नाही. मी, सुलोचनाबाई, बागेतले दोन गडी — काखेत हात घालून — हलत नाही. साडी वर केली. मांडी कुठे संपते, सारवण कुठे सुरू — एकच कातडी. लाल. ओली. श्वास घेतेय. गडी पळाले.

बारा
सुलोचनाबाईंनी विळ्यानं सोडवायला घेतलं. स्वीटी ओरडली नाही. ओरडणं आलं ते अंगणाखालून.

मग स्वीटी हसली. ताई, खेळून राह्यला. पोटात नाई वो. खाली.

मी तळहात टेकला. लाथ. इवलीशी टाच, स्पष्ट. मग दुसरी, गोठ्यापाशी. गोदामापाशी — मॅडमचा आवाज बंद — बागेतही — किती आहेत —

डावा हात निघत नाही.

गाडी दिसतेय. सुलोचनाबाई अनवाणी धावत त्यांना आणायला — मी ओरडते पण तोंडात जागा नाही — पानभर मोठं लिहिते, वही उंच धरते —

खाली पाय ठेवू नका. गाडीतच बसा. खाली पा