ब्रदर अँब्रोजच्या विळ्या

४ नोव्हेंबर १९४६
ब्रदर अँब्रोजना कॅनडाहून जाड पत्र. सव्वीस वर्षं आमच्या मिशनच्या सुतारशाळेत आहेत, पण असं पत्र कधी आलं नव्हतं. व्हरांड्यात उभ्याने वाचलं नि माझ्या हातात दिलं.
त्यांच्या गावच्या क्लबाने काचेचं कपाट केलंय. पगार घेऊन बर्फावर हॉकी खेळणारे पहिले सात जण, त्यांच्या वस्तू त्यात ठेवायच्या. सातांपैकी हे एकटेच उरले. जहाजाचं भाडं क्लब देणार. येताना खेळाचे बूट आणावेत.
बोर्डिंगच्या मुलींना हे सगळं नवीन. मला ब्रदरच्या पडलेल्या दोन दातांची गोष्ट ठाऊक होती, पण पेपरात फोटो येत, लोक खांद्यावरून मिरवत नेत, हे आज कळलं. तासभर खेळ, बदली माणूस नाही, सातांनीच शेवटपर्यंत.
एकीने विचारलं, बर्फावर पाय घसरत नाही?
"घसरायचंच आसतंय, पोरी. न घसरनारा पडतो."
मराठी सुतारांकडून शिकलेत. फादर अजून कानांत बोटं घालतात.

५ नोव्हें.
ब्रदर कोठीच्या दारात. "क्लाराबाई, माजी काळी पेटी कुठं हाय?"
बुटांचं वर्णन केलं. खाली पोलादाची लांब पात, पुढून वर वळलेली.
बघते म्हटलं. हातातली भाजी तशीच राहिली. मी त्याच पातीच्या विळीवर बसले होते.

त्याच दिवशी, नंतर
नीट लिहून ठेवते. १९४३. लढाईमुळे बाजारात लोखंड नाही. सगुणाचं लग्न ठरलेलं. बोर्डिंगातून सासरी जाणाऱ्या मुलीला विळी नि तवा द्यायचा, ही माझ्या आधीपासूनची रीत. सगुणाला आईबाप नाहीत, तिला रिकाम्या हाताने कशी पाठवणार? कोठीत वाळवीने खाल्लेली पेटी होती. बुटांचं कातडं हातात घेताच भुगा झालं. पाती मात्र लखलखीत. कुठल्यातरी यंत्राचा भाग असेल, असं वाटलं. ब्रदर तेव्हा तापाने नगरच्या दवाखान्यात. लोहाराकडून दोन विळ्या करून घेतल्या. एक सगुणाला, एक आमच्या स्वयंपाकघराला.
मी विचारलं नाही. कोठी माझ्या ताब्यात, म्हणून विचारायचं सुचलंच नाही.

८ नोव्हें.
कॉन्व्हेंटात आम्ही पॉलिश केलेल्या फरशीवर नुसत्या मोज्यांनी घसरायचो. सिस्टर येताना दिसली की भिंतीला टेकून जपमाळ सुरू. बर्फाबद्दल माझं ज्ञान तेवढंच. चौदा वर्षांची मी, किती लांब जायची एका झेपेत! ब्रदरना ते अख्खी आठ वर्षं मिळालं, वर पगार.
मुलींना खडूने रेघा मारून मैदान दाखवत होते. बासष्टाव्या वर्षी कमरेत वाकून असे वळले की काठी हातात नसूनही दिसली.
पेटी सापडली का, पुन्हा विचारलं. अजून शोधतेय म्हटलं. खोटं.

१२ नोव्हें.
सर्व्हिस मोटारने सुप्याला, सगुणाच्या सासरी. आधी विळी आणावी, मग कबूल करावं, असा बेत. जोडी समोर ठेवली की बोलणं सोपं जाईल.
सगुणाने चहा केला, भाकरी केली, लेकरू मांडीवर दिलं. मग मी विळीचं सांगितलं, ती परत मागितली.
"बाई, म्हायेरची एकच वस्तू हाय माज्याकडं. सासू काय बोलली तर मी इळीकडं बघती. मलाबी कुनीतरी दिलंय."
मग म्हणाली, "दुसरी नवी आनून देऊ नका. ती म्हायेरची न्हाई व्हनार."
मी आग्रह केला नाही. लेकराच्या हातावर खडीसाखर ठेवली नि निघाले. दिलेली विळी परत मागायला गेलेली मी पहिलीच बाई असेन.

१३ नोव्हें.
सकाळीच सुतारशाळेत गेले. आमची विळी पदराखाली. सगळं सांगितलं, सुप्यासकट. माझ्या सवयीप्रमाणे उभी राहूनच.
ब्रदरनी रंधा बाजूला ठेवला. "एकीचं ठावं हाय मला. दवाखान्यातनं आलो, तुमी दुधी चिरत हुता. म्हनलं, ह्ये वळन मी वळखतो."
तीन वर्षं! धारवाला दारात आला की हे त्याला परत पाठवत. विळीला धार मीच लावणार म्हणत. मला वाटे, हौस.
बोलला का नाहीत?
"भाजी चांगली हुत हुती."
मग म्हणाले, "दुसरी पेटीत आसंल वाटलं. एक तरी घेऊन जावी म्हनलं."
म्हटलं, ही घ्या. विळी हातात देत नाहीत, भांडण होतं. म्हणून त्यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. त्यांनी पाहिली. उचलली नाही. "मुलींचा सैपाक व्हायचाय," म्हणाले.
परत आणली. दुपारी वांगी चिरताना हात हलका चालेना.

२० नोव्हें.
फादरांनी जायची परवानगी दिली. जहाज जानेवारीत. ब्रदर म्हणतात, रिकाम्या हाताने जाणार नाही, कपाटात काय दात ठेवू? तेही बर्फातच राहिलेत.
हसलो दोघं. पण पत्राला उत्तर अजून गेलेलं नाही.

१ डिसेंबर, रविवार
चर्चमधल्या मिस्सानंतर फाटकात सगुणा. कडेवर लेकरू, काखेत लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली विळी. नवऱ्याला सांगून आली. सासूला नाही.
तडक सुतारशाळेत. विळी जमिनीवर ठेवली. मीही धावत जाऊन आमची तिच्याशेजारी ठेवली. चाळीस वर्षांपूर्वीची जोडी, पाटांसकट.
ब्रदर खाली बसले. दोन्हींवरून बोट फिरवलं. बराच वेळ.
"आन् तू कशानं चिरशील गं?"
"दातानं. मला हायेत आजून."
ब्रदर इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग आमची विळी उचलली. सगुणाची तिच्याकडे सरकवली.
"तुजी तू उचल. एक हितंच ऱ्हाऊ दे. एका पायानं मानूस लई लांब जात न्हाई."
सगुणा माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवल्यावर उचलली.

९ डिसें.
पत्राला उत्तर गेलं. येतो, एवढंच लिहिलंय. राहतो की परततो, ते नाही; परतलेच तर उन्हाळा उजाडेल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पात पाटावरून सोडवली, खोबरेल लावलं, माझ्या जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळली. लोहाराच्या हातोड्याचे घाव पुसू का विचारलं, तर म्हणाले, ऱ्हाऊ द्या.
कॅनडात कुणी विचारलं, हे काय, तर काय सांगतील? मला खात्री आहे, दुधीपासून सुरू करतील.

१४ डिसें.
सोनईचा बाजार. मुलींसाठी गूळ, घोंगड्या, दोन सुपं. लोहाराच्या पथारीवर नव्या विळ्या होत्या, चांगल्या जड. मुली म्हणाल्या, मावशी, एक घ्या ना, चाकूने बोटं कापतात.
उचलून पाहिली. धार अंगठ्यावर तपासली. खाली ठेवली.
म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत चाकू चालेल.