पहिलं बाळंतपण माहेरचं

१४ जून २००३, सुरत
आणि वर मलाच म्हणतात, जावई, समजून घ्या. काय समजून घेऊ? पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. काल कळमनुरीत पोरगी झाली. दोघी बऱ्या. आज सासऱ्यांचा, संतराममामांचा, मिलच्या हापिसात फोन. बायकोचं, शिवकन्याचं, रक्त निगेटिव्ह, पोरीचं पॉझिटिव्ह. म्हणजे माझ्यावर गेली. बाळंतिणीला बहात्तर तासांत एक सुई द्यायची, दोन हजाराची, नाहीतर पुढच्या लेकराला धोका. निम्मे पाठवा म्हणाले. माहेरच्या बाळंतपणात सुई बी माहेरचीच, म्हणलो.

१५ जून
परत फोन. मेंढ्या विकतो म्हणाले, पण बाजार चार दिवसांनी. मेंढ्या आहेत म्हणजे पैसा आहे. नाटक. दम धरायचा.

१६ जून, संध्याकाळी
फोन नाही. बहात्तर तास संपले. जिंकलो. वसरामला चहा पाजला. हा बाळापूरचा, माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. सगळं ऐकून म्हणाला, सुई सासऱ्याला टोचायची होती का? शिकलेला नाही तो.

२ डिसेंबर २००४
शिवकन्याला पाचवा महिना. आता खर्च आपला, आणि आपण मागं हटणारे नाही. आजपासून मटका बंद. महिन्याला पाचशे बाजूला. एक सोडून दोन सुया घेणार.

९ जानेवारी २००५
नांदेडची डॉक्टरीणबाई म्हणते, आता सुईचा उपयोग नाही. पहिल्या वेळी पोरीचं रक्त हिच्या रक्तात मिसळलं. अंगानं त्याच्याशी लढायला फौज तयार केली. ती फौज आता पोटातल्या लेकराचं रक्त खाऊन राहिली. पटलं नाही. आमी मेंढरंवाले, रक्त काय असतं ते आमाला सांगू नये. शिवकन्याला फोनवर म्हणलो, बाईला सांग, माझं रक्त चढवा हिला, एक नंबरचं आहे. तिनं बाईला विचारलं. बाई म्हणे, तसं केलं तर ही बी हातची जाईल.
मटका पुढच्या सोमवारपासून नक्की बंद.

२० फेब्रुवारी
सेकंडहँड मोबाईल घेतला. सतराशे. बाजूला टाकलेले सगळे गेले. पण खबर लवकर कळली पाहिजे. हा खर्च बाळंतपणातच धरायचा.

२६ फेब्रुवारी, दुपारी
दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला. पिवळाजर्द, अंग सुजलेलं. त्याचं सगळं रक्त बदलायचं म्हणतात. उद्या निघतो.

२७ फेब्रुवारी
शेठ लग्नाला गेलाय. रजा कोण देणार? उद्या नक्की.

२८ फेब्रुवारी
सकाळी मामांचा फोन. लेकरू रात्रीच गेलं. गाडी त्यांनीच केली. माती बी त्यांनीच दिली. दुसरं बाळंतपण आमचं, काय लागलं ते सांगा, म्हणलो. "राहू द्या जावई," म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
मग फोनवर शिवकन्या आली. डॉक्टरीणबाईनं तिला विचारलं होतं, पहिल्या वेळी सुई काहून घेतली न्हाई.
"मी म्हणलं, आमाला कुणी सांगितलंच न्हाई."
बरं केलं, म्हणलो.
ती मग म्हणाली, दूध दाटून आलंय, थांबत न्हाई. आटायच्या गोळ्या लिहून दिल्यात.
गोळ्यांच्या पैशाची मनीऑर्डर करतोय. दोनशे साठ रुपये.