मी पाठवलेला एकच मेसेज

मंगळवार, संध्याकाळ

डबा खाताना सोनवणे मॅडमना चक्कर आली. पर्समधून बीपीच्या गोळ्यांची पट्टी निघाली. दहाच्या दहा तशाच.

“गोळ्या बंद केल्यात. काढा घेते. तूच नाही का त्याचा मेसेज ग्रुपवर पाठवलास?”

हो, मीच. ऑफिसच्या ग्रुपवर सगळे रोज काहीबाही ढकलतात, मी कधीच नाही. “मुनीमजी, तुमचंही येऊ द्या काहीतरी,” असं चिडवायचे, म्हणून एकदाच पाठवला. नीट न वाचता.

“मॅडम, मी तपासलं नव्हतं.”

“असं कसं? सिन्नरला जाणाऱ्या पार्सलवरचा पत्ता तीनदा वाचणारा तू. म्हणून तर विश्वास ठेवला. बाकीच्यांचे मी उघडतसुद्धा नाही.”



ग्रुपवर लिहिलं, काढ्याचा मेसेज खोटा आहे, कोणी गोळ्या बंद करू नका. तीन अंगठे आले. मॅडम म्हणाल्या, “हे तरी तपासलंस का?”

मग त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून त्यांच्याच हातात दिला. पलीकडचं ओरडणं मलाही ऐकू आलं. “घेते रे बाबा, घरी गेल्यावर,” म्हणत त्यांनी पट्टी पर्समध्ये टाकली.

दहाच्या दहा. उद्या डब्याच्या वेळी पट्टी बघायला मागणार आहे. नऊ दिसल्या पाहिजेत.